मोजपट्टीचा अँटेना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कौलांवर लोखंडी पाइपाला बांधलेला, माशाच्या काट्यासारखा दिसणारा टीव्हीचा अँटेना चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना आठवत असेल. एक जण कौलावर, एक जण अंगणात आणि एक जण टीव्हीपुढं. वरचा विचारणार, "आलं का?" अंगणातला तेच आत ओरडून विचारणार, आणि आतून उत्तर येणार, "मगाशी आलं होतं, परत मागं फिरव!" दूरदर्शनची ती जुनी जमिनीवरची प्रक्षेपणं २०२१-२२ च्या सुमाराला जवळजवळ सगळी बंद झाली आणि ते काटे भंगारात गेले. पण अँटेना वीतभर फिरवला की चित्र उमटतं आणि आणखी वीतभर फिरवला की मुंग्या येतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला आजचा विषय निम्मा आधीच कळलेला आहे.

मी हौशी रेडिओ चालवतो. आम्हाला 'हॅम' म्हणतात. हॅम म्हणजे गाणी-बातम्या ऐकवणारा नव्हे. स्वतःच्या यंत्रावरून दुसऱ्या परवानाधारकाशी थेट बोलणारा माणूस. मध्ये मोबाइल कंपनी नाही, टॉवर नाही, बिल नाही. परवाना मात्र लागतो. केंद्राच्या दूरसंचार विभागाची 'डब्ल्यूपीसी' नावाची शाखा आहे, तिची परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेला कुणीही बसू शकतो. पास झालात की 'व्हीयू टू' किंवा 'व्हीयू थ्री'नं सुरू होणारं स्वतःचं संकेतनाम मिळतं. ते मिळेपर्यंत बोलायचं बटण दाबायचं नाही, आणि नुसता वॉकीटॉकी विकत घेऊन ठेवणंही कायद्यात बसत नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची कृती इतकी सोपी आहे की उत्साहाच्या भरात हे राहून जातं.

आजरा म्हटलं की लोकांना घनसाळ तांदूळ आठवतो, नाहीतर रामतीर्थाचा धबधबा. रेडिओवाल्याला मात्र आधी डोंगर दिसतात. पश्चिमेला सह्याद्रीची धार, नैर्ऋत्येला आंबोली. तिकडूनच हिरण्यकेशी येते आणि आजऱ्यावरून पूर्वेकडं, गडहिंग्लजच्या बाजूला उतरते. नकाशावर सरळ रेषा ओढली तर गडहिंग्लज ईशान्येला वीसेक किलोमीटर, बेळगाव आग्नेयेला पंचेचाळीसच्या आसपास आणि कोल्हापूर जवळजवळ थेट उत्तरेला पासष्ट किलोमीटर. गाडीला लागणारं अंतर वेगळं. लहरींना घाटरस्ता घ्यावा लागत नाही. पण त्यांना डोंगरही फोडता येत नाही.

हॅम लोकांच्या अनेक पट्ट्या आहेत. आज ज्या पट्टीबद्दल बोलतोय ती १४४ ते १४६ मेगाहर्ट्झची. ३०० ला या आकड्यानं भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते, सुमारे दोन मीटर. म्हणून तिला 'दोन मीटरची पट्टी' म्हणतात. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, क्षितिजाच्या किंचित पलीकडं. त्याचा एक अडाणी हिशेब पाठ करून ठेवण्यासारखा आहे. अँटेन्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि चारानं गुणा, तेवढे किलोमीटर. नऊ मीटर उंचीवर अँटेना असेल तर बारा किलोमीटर. समोरच्याचाही नऊ मीटरवर असेल तर त्याचे बारा, एकूण चोवीस. म्हणजे मध्ये टेकडी आडवी आली नाही तर आजरा-गडहिंग्लज बसतं. कोल्हापूर नाही बसत. त्यासाठी एका टोकाला शंभर मीटरची टेकडी आणि दुसऱ्या टोकाला दहा-बारा मजल्यांची इमारत असली तर जेमतेम. हा हिशेब सपाट मुलखाचा. आमच्याकडं सपाट काय आहे, तर भाताची खाचरं.

हातातल्या वॉकीटॉकीची ताकद फार तर पाच वॅट. आणि त्याला जी रबरी शेपटी असते ती हे पाच वॅट चारी दिशांना सारखे उधळते. आंबोलीच्या दरीत, सह्याद्रीच्या कड्यावर, मागच्या गोठ्याच्या भिंतीवर. बोलायचं असतं गडहिंग्लजशी. कंदील आणि बॅटरी यांतला फरक आठवा. बॅटरीतला बल्ब कंदिलापेक्षा मोठा असतो असं नाही. तिच्यामागं चकचकीत वाटी असते. लहरींना तशी वाटी लावायची, तर तिचं सर्वांत स्वस्त रूप म्हणजे तो टीव्हीचा काटा.

त्या काट्याचं खरं नाव 'यागी-उदा'. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा हे दोघं जपानच्या सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठातले. १९२६ साली त्यांनी या अँटेन्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. प्रयोगांचा मोठा भाग उदांचा होता. पण १९२८ मध्ये इंग्रजीतून जगापुढं मांडलं ते यागींनी, म्हणून जगानं एकाच नावाची सवय करून घेतली. गंमत पुढची आहे. १९४२ च्या फेब्रुवारीत जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा ब्रिटिशांच्या रडारची कागदपत्रं त्यांच्या हाती लागली. त्यांत 'यागी' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि जपानी अधिकाऱ्यांना तो उमगेना. एका कैद्याला विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं म्हणतात, की अहो, हा तुमच्याच प्राध्यापकाचा शोध आहे! आणि शेवट असा, की ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या, जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रडारलाही यागी अँटेनेच होते.

तो काटा काम कसं करतो? आपल्याला तीन दांड्या पुरतात. मधल्या दांडीलाच फक्त केबल जोडलेली असते. मागची दांडी तिच्याहून थोडी लांब, पुढची थोडी आखूड, आणि या दोघींना कुठूनही वीज दिलेली नसते. मग त्या करतात काय, असा प्रश्न पडतो.

शाळेतल्या मुलांना हे दाखवायचं असेल तर दोन खांबांमध्ये एक दोरी ताणून बांधा. तिला सुतळीनं तीन दगड टांगा: एकाची सुतळी मध्यम, एकाची किंचित लांब, एकाची किंचित आखूड. आता फक्त मधल्या दगडाला हातानं झोका देत राहा. दोरीच्या थरथरीनं बाकीचे दोन आपोआप हलू लागतील. पण नीट बघितलं तर लांब सुतळीचा दगड ताल धरताना मागं राहतो आणि आखूड सुतळीचा त्याच्या मानानं पुढं असतो. दांड्यांचं अगदी तसंच होतं. मधल्या दांडीतून निघालेली लहर शेजारच्या दोघींनाही हलवते आणि त्याही आपापली लहर सोडू लागतात. लांब दांडी मागं राहून, आखूड दांडी पुढं राहून. लांबी आणि अंतरं बरोबर असली तर आखूड दांडीच्या दिशेनं तिन्ही लहरी एकमेकींत मिळतात आणि लांब दांडीच्या दिशेनं एकमेकींना मारतात. ताकद नवी तयार होत नाही, मागं वाया जाणारी पुढं वळते. तीन दांड्यांच्या बऱ्या यागीतून पुढच्या दिशेला साधारण चौपट फायदा मिळतो. म्हणजे तुमचे पाच वॅट समोरच्याला वीस वॅटांसारखे ऐकू येतात. आणि ऐकतानाही तेवढाच उपयोग होतो, ही गोष्ट जास्त मोलाची आहे. मोठं यंत्र घेतलं तर तुमचा आवाज लांब जातो, पण लांबचा दुबळा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. अँटेना दोन्ही बाजूंनी काम करतो.

आता कृती. जगभरचे हॅम हा अँटेना स्टीलच्या मोजपट्टीपासून बनवतात. सुतार-गवंडी वापरतात तीच पिवळी टेप. ती वाकते, सोडली की सरळ होते, आणि झुडपातून नेताना अडकली तरी मोडत नाही. पाच मीटरची, २५ मिलिमीटर रुंदीची घ्यावी. अरुंद टेप घेतली तर मापं बदलतात. पत्रा कापायच्या कात्रीनं एक तुकडा १०५ सेंटिमीटरचा कापा, ही मागची दांडी. एक ८९ चा, ही पुढची. आणि दोन तुकडे प्रत्येकी ४५ चे. ते दोन मिळून मधली दांडी. कापलेल्या कडा ब्लेडसारख्या असतात. कोपरे गोल करा आणि टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप आणि प्लंबरकडचे 'टी' आणि 'क्रॉस' जोड घ्या. मागच्या दांडीपासून मधली २० सेंटिमीटरवर आणि मधलीपासून पुढची ३२ सेंटिमीटरवर, असं मोजून जोड बसवा. माप जोडाच्या कडेपासून धरायचं नाही, दांडीच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरायचं. गॅसच्या नळीला असतात तसल्या स्क्रूच्या क्लिपांनी पट्ट्या घट्ट आवळा. मधल्या दांडीच्या दोन अर्ध्यांमध्ये अडीच सेंटिमीटर फट ठेवा. त्या दोघांची गाठ पडता कामा नये, कारण केबल तिथंच जोडायची आहे: आतली तार एका अर्ध्याला, बाहेरची जाळी दुसऱ्याला. टेपवरचा पिवळा रंग पॉलिशपेपरनं पार चमक येईपर्यंत घासून काढा, नाहीतर डाग धरत नाही. पट्टीचं पोलाद उष्णता खातं, म्हणून कय्या चांगला तापलेला हवा आणि फ्लक्स भरपूर हवा.

याच दोन टोकांना आणखी एक छोटी गोष्ट जोडायची: तेरा सेंटिमीटर तांब्याची तार, केसांच्या आकड्यासारखी वाकवून, दोन पायांत दोन सेंटिमीटर अंतर ठेवून. हा आकडा पाहून नवखा माणूस म्हणतो, अहो, हे तर शॉर्ट झालं! बॅटरीच्या विजेला तो शॉर्टच आहे. पण सेकंदाला साडेचौदा कोटी आवर्तनं करणाऱ्या विजेला एवढीशी तारही अडथळा वाटते. दोन शेजाऱ्यांच्या सान्निध्यात मधल्या दांडीचा रोध पन्नास ओहमच्या खाली घसरतो आणि केबल असते पन्नास ओहमची. अर्धा इंची नळाला पाऊण इंची पाइप जोडताना मध्ये जोड घालतो, तसा हा आकडा. शेवटी, केबल अँटेन्याला मिळते तिथंच पीव्हीसीवर तिचे सात-आठ वेढे घट्ट गुंडाळून बांधा. त्यामुळं लहर केबलच्या बाहेरच्या सालीवरून परत खाली उतरत नाही. केबल सोडून सगळं सामान हजार रुपयांच्या आत येतं.

झाल्यावर एसडब्ल्यूआर मीटर लावून पाहायचं. धाडलेल्या ताकदीतली किती परत येते ते तो सांगतो. आकडा दीड आला तर शंभरातले चार भाग परत येतायत, दोन आला तर अकरा. दीडच्या आत आला की कात्री खाली ठेवावी. न आला तर मधल्या दांडीची दोन्ही टोकं सारखी, दोन-दोन मिलिमीटर कापत जायचं, किंवा आकड्याचे पाय थोडे फाकवून पाहायचे. एकाहून एक चांगला आकडा मिळवण्याच्या नादात संध्याकाळ घालवणारे हॅम मी पाहिलेत. समोरच्याला त्यातला फरक ऐकूही येत नाही.

फरक ऐकू येतो तो दोन वेगळ्याच गोष्टींनी. एक, दांड्यांची दिशा. टीव्हीच्या अँटेन्याच्या दांड्या आडव्या असत, आपल्या उभ्या हव्यात. कारण समोरच्या माणसाच्या हातातली शेपटी उभी असते. एकाची उभी आणि दुसऱ्याची आडवी झाली तर ताकदीचा शंभरावा हिस्सा उरण्यापर्यंत मजल जाते. आणि दांड्या उभ्या केल्या की त्यांच्या रांगेत लोखंडी पाइप उभा नको, तोही एक आगंतुक दांडी बनतो. मी कळकाची काठी वापरतो. दुसरी गोष्ट केबल. आरजी-५८ नावाची बारीक काळी केबल सगळीकडं मिळते. तिच्या पंधरा मीटर लांबीत या पट्टीवर निम्मी ताकद उष्णता होऊन संपते. म्हणजे अँटेन्यानं चौपट कमावलं आणि केबलनं निम्मं खाल्लं. तिच्याऐवजी जाड आरजी-२१३ घेतली तर तेवढ्याच लांबीत साधारण पाव हिस्सा जातो. पैसे घालवायचेच असतील तर इथं घालवावेत.

अँटेना पहिल्यांदा हातात आला की बोलायला कुणी सापडत नसतं. मग वर बघायचं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात हौशी रेडिओ केंद्र आहे आणि ते १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला तिथं होते, तेव्हा बेंगळुरूत जमलेल्या विद्यार्थ्यांशी ते याच हॅम रेडिओवरून बोलले. स्थानक सुमारे चारशे किलोमीटरवरून जातं, डोक्यावरचा फेरा दहाएक मिनिटांचा. यंत्र बंद असेल तर काहीच ऐकू येत नाही, म्हणून वेळापत्रक आधी पाहावं. पण सुरू असेल तर हातात हा अँटेना धरून, सूर्यफुलासारखं तोंड फिरवत माग काढायचा. आजऱ्यात डोंगरामुळं फेऱ्याचा पहिला आणि शेवटचा तुकडा बुडतो, मधला मात्र रबरी शेपटीच्या मानानं फारच स्वच्छ येतो. आपला स्वतःचाही असा उपग्रह होता. 'हॅमसॅट' इस्रोनं ५ मे २००५ ला सोडला. त्यातलं एक यंत्र भारतीय बनावटीचं आणि दुसरं हॉलंडमधल्या एका हॅम विद्यार्थ्यानं केलेलं. वजन साडेबेचाळीस किलो. २०१४ पर्यंत नऊ वर्षं तो चालला.

डोंगराळ भागात नेम धरायची रीतही थोडी निराळी आहे. अँटेन्याचं तोंड माणसाकडं करायचं हे सपाटीवर ठीक. इथं कधी कधी ते डोंगराच्या खांद्यावर धरावं लागतं. धारेवरून लहर थोडी खाली वाकते, किंवा समोरच्या कड्यावर आपटून परतते, आणि सरळ रेषेत मिळत नव्हता तो माणूस भलत्याच बाजूनं मिळतो. झोत फार अरुंद नसतो, साठेक अंश रुंद असतो, त्यामुळं पुढं अंदाजानं धरलं तरी भागतं. मागची बाजू मात्र टोकदार बहिरी असते. तिचाही उपयोग आहे. हल्लीच्या एलईडी दिव्यांचा आणि जवळच्या रोहित्राचा खरखराट मागं येईल असं उभं राहिलं की निम्मी कटकट जाते. लपवलेला प्रेषक शोधण्याचा हॅम लोकांचा खेळ आहे, त्यातही जाणकार गडी आवाज कुठं मोठा येतो ते बघत नाही, कुठं मरतो ते बघतो.

आता पाऊस. आमच्याकडं त्याला टाळून काही सांगताच येत नाही. या पट्टीवर पावसाच्या धारांनी लहर अडत नाही, कितीही कोसळू दे. अडते ती केबलीत शिरलेल्या पाण्यानं. जाळीच्या बारीक तारांतून पाणी वातीत तेल चढावं तसं मीटर-मीटर आत जातं आणि पुढच्या उन्हाळ्यात तांबं हिरवं पडतं. म्हणून जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर इन्सुलेशन टेप, आणि केबल घरात घेण्याआधी तिला खाली एक झोळ, म्हणजे थेंब तिथूनच गळतात. वळवाच्या विजा मात्र थट्टेचा विषय नाहीत. ढग गडगडायच्या आत केबल यंत्रातून काढून घराबाहेर ठेवायची. आणि वादळात अँटेना धरून टेकडीवर उभं राहणाऱ्यानं आधी विमा उतरवावा.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारतंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. रस्ता गेला की वीज जाते, वीज गेली की मोबाइलचा टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर उभा राहतो, आणि डिझेल आणायला रस्ता नसतो. ही साखळी तुटायला दोन दिवस पुरतात. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २००१ चा भुजचा, या दोन्ही वेळी हॅम मंडळी निरोप पोहोचवायला गेली होती. अंदमानची गोष्ट तर विलक्षण आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅम लोकांचं एक पथक पोर्ट ब्लेअरला गेलं होतं, केवळ हौसेपायी, जगभरच्या हॅमना अंदमानशी बोलल्याचं समाधान मिळावं म्हणून. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि हौसेनं उभारलेलं ते केंद्र बेटांवरच्या माणसांची खुशाली कळवण्याच्या कामाला लागलं. ते काम लघुलहरींवरचं, त्या हजारो किलोमीटर जातात. आपला मोजपट्टीचा अँटेना तालुक्या-जिल्ह्यापुरता आहे. पण पुरात हवा असतो तोही बहुतेक वेळा तालुक्यातलाच निरोप: कोणत्या वाडीला औषध पोचलं नाही, कोणता पूल पाण्याखाली आहे.

त्यासाठी अँटेना पुराच्या दिवशी बनवून चालत नाही, आणि माणूसही त्या दिवशी शोधून सापडत नाही. मिरगाच्या आधी एखाद्या रविवारी आम्ही तो बाहेर काढतो, जोड तपासतो, गडहिंग्लजच्या बाजूला हाक मारून पाहतो आणि नंतर पट्ट्या गुंडाळून, रबर लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो. सोबत एक होकायंत्र असतं आणि पीव्हीसीवर न पुसणाऱ्या शाईनं लिहिलेले अंश: कोल्हापूर शून्य, गडहिंग्लज पन्नास, बेळगाव एकशे पस्तीस. धुक्यात आणि रात्री डोंगर दिसत नाहीत, तेव्हा तेवढं पुरतं.